शॉपिंग ॲपमधला ‘फिल्टर’ आणि मद्रासचे एक गणिताचे मास्तर

आज नवा फोन नाही की नवं ॲप नाही. आज एका माणसाची गोष्ट आहे. हा माणूस १९७२ साली गेला. त्यांनी स्मार्टफोन पाहिलाच नाही. पण तुम्ही रोज मोबाईलवर एक गोष्ट करता, तिच्यामागचा विचार त्यांनी १९२०च्या दशकात पुस्तकांच्या कपाटांसमोर उभं राहून केला होता.

कुठली गोष्ट? शॉपिंग ॲप उघडा आणि ‘बूट’ शोधा. हजारो बूट समोर येतात. मग तुम्ही फिल्टर लावता: साईज ८, रंग काळा, किंमत हजारच्या आत, उपयोग धावण्यासाठी. चार टिचक्या मारल्या की हजारातले दहा-बारा उरतात. एकाच वस्तूकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघायचं आणि त्या बाजू हव्या तशा जोडायच्या, याला आमच्या क्षेत्रात पैलूंनुसार वर्गीकरण म्हणतात. त्याचा पाया घालणारे म्हणजे शियाली रामामृत रंगनाथन, अर्थात एस. आर. रंगनाथन.

आता मी कोण, तेही सांगतो. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेटा लायब्ररियन आहे. घरी अजून कुणाला हे नीट कळलेलं नाही. आईला वाटतं मी पुस्तकं देतो-घेतो, मित्रांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. खरं काम असं: संशोधक विद्यार्थी प्रबंध लिहितात, तो प्रबंध ‘शोधगंगा’सारख्या ठिकाणी जातो. पण त्यामागे एक्सेलच्या फाईली असतात, फोटो असतात, मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज असतात, मोजमापं असतात. ती हरवू नयेत, दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला सापडावीत आणि उघडल्यावर समजावीत, हे बघणं माझं काम.

आणि हे काम मी सुरुवातीला किती वाईट केलं, ते सांगितल्याशिवाय रंगनाथन माझ्या आयुष्यात कसे आले ते सांगता येणार नाही.

मी केलेली चूक

नोकरीचं पहिलं वर्ष. एक विद्यार्थिनी तिच्या पीएचडीचा डेटा घेऊन आली. दुष्काळी भागातल्या काही गावांतल्या विहिरींच्या पाण्याची पातळी तिने सलग तीन वर्षं, दर महिन्याला मोजली होती. उन्हातान्हात एसटीने जाऊन, शेतकऱ्यांच्या परवानगीने, दोरी सोडून. मी फाईल घेतली, नाव, गाव, वर्ष लिहून घेतलं, सर्व्हरवर चढवली आणि तिला पावती दिली. काम झालं असं समजलो.

काही वर्षांनी दुसरा एक संशोधक आला. त्याला त्याच गावांतलं पाणी किती खाली गेलं ते बघायचं होतं. मी ऐटीत फाईल काढून दिली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. रकान्याच्या डोक्यावर नुसतं ‘खोली’ लिहिलं होतं. खोली कुठून मोजली, जमिनीपासून की विहिरीच्या कठड्यापासून? आणि आकडे फुटात आहेत की मीटरमध्ये? काही ओळींत एक वाटत होतं, काहींत दुसरं. ती विद्यार्थिनी परदेशी गेली होती, तिचा नंबर बदलला होता, मार्गदर्शक सर निवृत्त झाले होते.

फाईल होती, आकडे होते, पण अर्थ नव्हता. तीन वर्षांची मेहनत माझ्याच सर्व्हरवर सुरक्षितपणे निरुपयोगी होऊन पडली होती. तिला दोन प्रश्न विचारायला मला पाच मिनिटं लागली असती.

त्या रात्री झोप लागली नाही. शिकत असताना परीक्षेपुरते वाचलेले रंगनाथन मी त्यानंतर पुन्हा वाचायला घेतले, या वेळी मार्कांसाठी नाही.

गणिताचे मास्तर ग्रंथपाल कसे झाले?

रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा, तमिळनाडूतल्या तंजावर भागातल्या शियाली गावचा. आज त्या गावाला सीरकाळी म्हणतात. नावातलं पहिलं अक्षर या गावाचं, दुसरं वडिलांचं. वडील गेले तेव्हा हे सहा वर्षांचे होते. लहानपणापासून बोलताना अडखळायचे. तरीही शिकवण्याचाच पेशा धरला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून गणितात बी.ए. आणि एम.ए. केलं, मग मंगळूर, कोइम्बतूर आणि शेवटी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवलं. वर्गात रमायचे. पगार मात्र बेताचा होता.

१९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा काढली. पगार चांगला होता. सुमारे ९०० अर्ज आले असं सांगतात, पण ग्रंथालयाचं रीतसर शिक्षण कुणाकडेच नव्हतं. मित्रांच्या आग्रहावरून यांनीही अर्ज केला. मुलाखतीच्या आधी ज्ञानकोशातला ग्रंथालयांवरचा लेख वाचला, एवढीच तयारी. आजच्या भाषेत सांगायचं तर इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री विकिपीडिया वाचून जाण्यासारखं! आणि निवड झाली.

जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि लगेच पस्तावले. कुठे मुलांनी भरलेला वर्ग आणि कुठे ही शांतता. ग्रंथालयात फारसं कुणी फिरकायचं नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी जुन्या कॉलेजात परत घेण्याची विनंती केली. तडजोड अशी ठरली की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यायचं, त्यानंतरही कंटाळा आला तर परत वर्गात.

मला हा भाग फार आवडतो. कारण आपल्याला वाटतं मोठी माणसं पहिल्या दिवसापासून आपलं काम ओळखून असतात. रंगनाथन यांना तर या कामातून पळूनच जायचं होतं.

लंडनचं खेळण्यांचं दुकान

लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात डब्ल्यू. सी. बेरविक सेयर्स नावाचे शिक्षक भेटले. ते क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते आणि वर्गीकरण शिकवायचे. इथे गणिताच्या माणसाचं डोकं जागं झालं. त्यांनी इंग्लंडमधली शंभरच्या वर ग्रंथालयं पाहिली. गरिबांच्या वस्तीतली, लहान मुलांची, कामगारांची. पुस्तक कपाटात कुलूपबंद न ठेवता लोकांच्या हातात देतात, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

पण वर्गीकरणाने ते अस्वस्थ होते. तेव्हा जगभर ड्युई दशांश पद्धत चालायची (आजही सगळ्यात जास्त तीच चालते). अमेरिकेच्या मेल्विल ड्युई यांनी ती १८७६ मध्ये आणली. ज्ञानाचे दहा मोठे भाग, प्रत्येकाचे दहा उपभाग, त्यांचे पुन्हा दहा. थोडक्यात, फोल्डरमध्ये फोल्डर.

अडचण कुठे येते ते आपल्या फोनवरच बघा. मामाच्या गावी गणपतीत काढलेला ताईचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये टाकाल? ‘गणपती’मध्ये, ‘मामाचं गाव’मध्ये की ‘ताई’मध्ये? एकात टाकला की बाकी दोघांत सापडत नाही. पुस्तकांचंही तसंच. आणि रोज नवे विषय जन्माला येतात, त्यांच्यासाठी आधीच फोल्डर कोण करून ठेवणार?

असं सांगतात की त्याच काळात लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. भोकं पाडलेल्या पट्ट्या, चाकं, नट आणि बोल्ट. त्याच तुकड्यांतून कधी क्रेन, कधी गाडी, कधी पूल. आणि डोक्यात वीज चमकली! तयार खेळणी कपाटात मांडण्यापेक्षा तुकडे द्यावेत आणि जोडायचे नियम द्यावेत. मग कुठलाही नवा विषय आला तरी त्याचा पत्ता तिथल्या तिथे तयार करता येईल.

यातला बोल्ट म्हणून त्यांनी विरामचिन्ह घेतलं: कोलन, म्हणजे एकावर एक दोन टिंबं. त्यावरूनच नाव पडलं कोलन क्लासिफिकेशन, मराठीत द्विबिंदू वर्गीकरण. १९२५ मध्ये परतीच्या बोटीवरच, तिथल्या छोट्या ग्रंथालयातली पुस्तकं घेऊन त्यांनी ही पद्धत तपासून पाहिली. जुन्या कॉलेजात परत जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे नेमकं चालतं कसं?

पुढे त्यांनी या तुकड्यांचे पाच मूळ प्रकार ठरवले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. शब्द जड आहेत, अर्थ सोपा आहे. मुख्य वस्तू कोणती? ती कशाची बनली आहे किंवा तिचा गुण काय? तिच्यावर काय क्रिया होते? कुठे? आणि कधी?

अभ्यासक्रमात हमखास येणारं एक उदाहरण देतो. विषय असा: फुप्फुसाच्या क्षयावर एक्स-रेने उपचार, त्याबद्दल भारतात १९५० साली झालेलं संशोधन. ड्युईच्या यादीत याला अचूक जागा शोधताना घाम फुटेल. कोलन पद्धतीत तुकडे जोडत जायचे. ‘एल’ म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुप्फुस, ४२१ म्हणजे क्षय, ६ म्हणजे उपचार, २५३ म्हणजे एक्स-रे, मग संशोधनाची खूण, ४४ म्हणजे भारत आणि शेवटी ‘एन ५’ म्हणजे १९५०. मध्ये स्वल्पविराम, अर्धविराम, कोलन, टिंब. कुठलं चिन्ह आलं यावरून पुढचा तुकडा कुठल्या प्रकारचा ते कळतं. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

आता शॉपिंग ॲपचे फिल्टर आठवा. फोटोच्या ॲपमध्ये माणूस, जागा आणि तारीख टाकून शोधता ते आठवा. तत्त्व तेच.

पाच नियम

या पद्धतीचं पुस्तक १९३३ मध्ये आलं. त्याआधी १९३१ मध्ये त्यांचं दुसरं पुस्तक आलं, ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांचं. गणिताचा माणूस असल्यामुळे त्यांना प्रश्न पडला होता: ग्रंथालयात इतक्या शेकडो गोष्टी करायच्या सांगतात, त्या सगळ्या ज्यातून निघतील असे मोजके मूळ नियम कोणते? त्यांना पाच सापडले. माझ्या शब्दांत सांगतो. पुस्तक हे वापरासाठी आहे, राखण करण्यासाठी नाही. प्रत्येक वाचकाला त्याच्या गरजेचं पुस्तक मिळायला हवं. प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा. वाचकाचा वेळ वाचवायला हवा. आणि ग्रंथालय हा वाढत जाणारा जीव आहे, हे धरून चालायला हवं.

वाचताना साधे वाटतात. पण त्या काळी आपल्याकडे पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाच्या पगारातून कापायची पद्धत अनेक ठिकाणी होती. मग तो पुस्तक देईल कशाला? रंगनाथन यांनी मद्रासला कपाटं वाचकांसाठी खुली केली, ग्रंथालयाच्या वेळा वाढवल्या, वाचकाला मदत करायला माणसं नेमली. ओस पडलेलं ग्रंथालय भरू लागलं.

या कल्पना आपल्याकडे आकाशातून पडल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० सालीच विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून गावोगावी मोफत वाचनालयांचं जाळं सुरू केलं होतं. रंगनाथन यांनी त्या चळवळीला शास्त्र दिलं आणि पुढे कायद्याचा आधार मिळावा म्हणून झटले. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, स्वतंत्र भारतातला अशा प्रकारचा पहिला. आपला महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा.

या झपाटलेपणाची किंमत

आता दुसरी बाजू. रंगनाथन दिवसाचे तेरा-तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस काम करत. मद्रासच्या वीस वर्षांत रजा घेतली नाही असं सांगतात. पहिल्या पत्नी रुक्मिणी १९२८ मध्ये अपघातात गेल्या. त्यानंतर शारदा यांच्याशी लग्न झालं, तर लग्नाच्याच दिवशी दुपारी हे कामावर हजर! अशा गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र त्या घरातल्या माणसांचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि इतकं करूनही १९४५ मध्ये त्यांना मद्रास सोडावं लागलं. नव्या कुलगुरूंशी पटेना. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने वीस वर्षं उभं केलेलं सोडून निघायचं. काही काळ ते पार खचले होते. मग बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तिथे दोन वर्षांच्या आतबाहेर सुमारे एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकट्याने केलं. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठात शिकवलं, मग काही वर्षं झुरिचला, मग उज्जैनला. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या मद्रास विद्यापीठातून मन दुखावून बाहेर पडले होते, त्यालाच त्यांनी आपल्या बचतीतले एक लाख रुपये दिले, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी. अध्यासनाला नाव दिलं पत्नी शारदा यांचं.

१९६२ मध्ये बंगळूरला त्यांनी प्रलेखनाचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारं केंद्र सुरू केलं, तेही भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली. म्हणजे आकडे गोळा करणारी संस्था आणि माहिती लावून ठेवणारा माणूस एकत्र आले. माझ्यासारख्याच्या नोकरीची मुळं मला तिथे दिसतात. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरलाच ते गेले. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन देशभर ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

मग जगभर सगळीकडे कोलन पद्धत का नाही? कारण ती शिकायला अवघड आहे, पुस्तकाच्या पाठीवर लिहायला लांबलचक आहे, आणि नव्या आवृत्तीत खुणा बदलल्या की जुन्या पुस्तकांची लेबलं बदलत बसावं लागायचं. बहुतेक ग्रंथालयं ड्युईकडेच राहिली. पण कॉम्प्युटर आला आणि लांबलचक आकड्याची अडचणच संपली, कारण तुकडे आता मशीन जोडतं. कपाटावर हरलेली कल्पना स्क्रीनवर जिंकली.

विहिरींच्या फाईलचं पुढे काय झालं?

रंगनाथन यांचे पाच प्रश्न मी त्या फाईलला लावून पाहिले. मुख्य वस्तू: विहीर. गुण: पाण्याची खोली. कुठे: गावांची नावं होती. कधी: महिना, वर्ष होतं. आणि क्रिया? मोजलं, पण कसं, कुठून, कुठल्या मापाने? हा रकाना कोरा होता. सगळं नुकसान त्या एका कोऱ्या रकान्याने केलं होतं.

तो संशोधक आणि मी, दोघं टेप घेऊन गावात गेलो. विहिरींचे कठडे मोजले. एका आजोबांना ती मुलगी आठवत होती. ती कठड्यावर दोरी टेकवून मोजायची आणि दोरीला फुटाफुटाला गाठी होत्या, हे त्यांनी सांगितलं. शिवाय त्यांच्या विहिरीची पूर्ण खोली त्यांना पाठ होती. त्यावरून आकडे फुटांतले आहेत हे पडताळता आलं, आणि जिथे ते मीटरमध्ये होते त्या ओळीही वेगळ्या काढता आल्या. पण काही विहिरींचे कठडे नव्याने बांधले होते, काही विहिरी बुजवल्या होत्या. त्यांचे आकडे गेले ते गेलेच.

आता माझ्याकडे डेटा घेऊन कुणी आलं की मी आधी चहा मागवतो आणि मग प्रश्न विचारतो. उत्तरं एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, डेटाच्या शेजारी. यालाच मेटाडेटा म्हणतात: माहितीबद्दलची माहिती. त्यानंतर त्या संचाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो, म्हणजे सर्व्हर बदलला तरी नवा पत्ता त्याच क्रमांकाला जोडता येतो. २०१६ पासून जगभरच्या संशोधनात चार तत्त्वं सांगितली जातात: डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, हे तर १९३१ च्या नियमांचे नातेवाईक आहेत.

तुमच्यासाठी एक छोटं काम

मोबाईलमध्ये जा. असा एक फोटो किंवा एक रेकॉर्डिंग शोधा, जे फक्त तुम्हालाच समजतं. आजीने सांगितलेली एखादी पाककृती, शेताच्या हद्दीचा फोटो, घरातलं जुनं कागदपत्र. ते उघडा आणि माहितीच्या जागी पाच उत्तरं लिहा: काय आहे, त्याचं विशेष काय, काय चाललं आहे आणि कसं, कुठे, कधी. फाईलचं नाव ‘आयएमजी’ आणि पुढे आठ आकडे असं असेल तर तेही बदला.

पाच मिनिटं लागतील. मी ती पाच मिनिटं वाचवली होती, आणि काही विहिरींचं पाणी किती खाली गेलं ते आता कुणालाच कधी कळणार नाही.